टेस्टोस्टेरॉन सुरू केलं, आता बंद करता येईल?

प्रश्न साधारण असा असतो: ‘इंजेक्शन सुरू करून सहा-आठ महिने झाले. सुरुवातीला तरतरी आली, आता तेवढं काही वाटत नाही. घाई तर झाली नाही ना? आणि सोडायचं म्हटलं तर सुटेल, की आता जन्मभर घ्यावं लागणार?’ विचारणाऱ्याला घाई असते ती शेवटच्या वाक्याच्या उत्तराची. पण ते उत्तर मधल्या वाक्यात दडलेलं आहे. घाई झाली होती की नव्हती, हे एकदा नीट तपासलं की सोडायचं का आणि कसं, हे बरंचसं आपोआप ठरतं. अडचण एवढीच, की हे तपासताना बहुतेक जण दोन चुकीच्या साक्षीदारांना उभं करतात: औषध सुरू केल्यावर वाटलेला उत्साह, आणि सोडल्यावर आलेली मरगळ. हे दोघंही औषधाच्या बाजूने साक्ष देतात, आणि दोघांचीही साक्ष कच्ची असते. ती कच्ची का, हे समजण्यासाठी आधी शरीरातली यंत्रणा पाहावी लागेल.

१. टाकी, फ्लोट आणि पंप

पुरुषाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ सगळं वृषणांत तयार होतं. पण किती तयार करायचं, हे वृषण ठरवत नाहीत. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. दवाखान्यात तिला पिट्युटरी म्हणतात. तिच्यातून एलएच आणि एफएसएच अशी दोन हार्मोन्स रक्तात येतात. एलएच वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं, एफएसएच शुक्राणूंच्या निर्मितीला हातभार लावतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की मेंदूला त्याची खबर लागते, आणि एलएच-एफएसएच दोन्ही कमी होतात. वसई-विरारच्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर हीच व्यवस्था असते. टाकीतलं पाणी खाली गेलं की फ्लोट बोअरवेलचा पंप सुरू करतो, टाकी भरली की बंद करतो. आता टँकर मागवला (बावखलं, म्हणजे गावातली जुनी तळी, बुजत गेली तशी टँकरची सवय इथे कुणाला नवी राहिलेली नाही) आणि त्याचा पाइप थेट गच्चीवरच्या टाकीत सोडला, तर फ्लोट वरच तरंगत राहणार आणि पंप चालूच होणार नाही. पाणी बोअरचं आहे की टँकरचं, हे फ्लोटला कळत नाही. इंजेक्शनातलं किंवा जेलमधलं टेस्टोस्टेरॉन हा असा टँकर आहे.

यातून पहिला गैरसमज दूर होतो. पुष्कळांचा हिशेब असा असतो: माझं ४०० आहे, बाहेरून २०० ची भर घातली, ६०० होईल. शरीर अशी बेरीज करत नाही. बाहेरचं हार्मोन आत आलं की आतलं उत्पादन थांबू लागतं. थोड्या आठवड्यांत ४०० चे जवळजवळ शून्य होतात आणि रक्तात जे काही दिसतं ते सगळं सुईतून आलेलं असतं. म्हणून या उपचाराला भर घालणं म्हणण्यापेक्षा बदली म्हणणं बरोबर. ज्याच्या शरीरात मुळात फारसं तयारच होत नव्हतं त्याचं या बदलीत काही जात नाही. ज्याच्या शरीरात बऱ्यापैकी तयार होत होतं, तो मात्र चालू पंप बंद करून टँकर विकत घेत असतो.

२. एका कागदावरचा निर्णय

मग कमतरता खरी होती का, हे कशावरून ठरतं? रक्तातलं टेस्टोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात मोजतात. अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांची संघटना ३०० च्या खाली कमतरता धरते. वजन प्रमाणात असलेल्या १९ ते ३९ वयोगटातल्या निरोगी पुरुषांचा पल्ला मात्र २६४ ते ९१६ इतका ऐसपैस आहे. म्हणजे ३५० वाला धडधाकट असू शकतो आणि ६५० वाला थकलेला. आता समजा, नालासोपाऱ्याला राहणारा आणि चर्चगेटला नोकरी करणारा ४२ वर्षांचा एक माणूस आहे. पहाटे पाचला उठतो, रात्री बाराच्या आत अंथरुणाला पाठ लागत नाही. वजन ९२ किलो, पोट सुटलेलं. थकवा, चिडचिड, बायकोजवळ जायची इच्छा कमी. शनिवारी संध्याकाळी कामावरून परतल्यावर त्याने घरी आलेल्या लॅबच्या माणसाला रक्त दिलं; ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये ही तपासणी होतीच. आकडा आला २७०, शेजारी लाल अक्षरात ‘कमी’.

या आकड्यात किती गोष्टी मिसळल्या आहेत ते पाहू. टेस्टोस्टेरॉन पहाटे सर्वांत जास्त असतं आणि दिवसभरात उतरत जातं. म्हणून ते सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी मोजावं असा नियम आहे. विरार-वसईच्या चाकरमान्याची ही वेळ नेमकी गाडीत जाते, त्यामुळे त्याच्यासाठी रविवारची सकाळच खरी. दुसरी गोष्ट झोप. शिकागोच्या संशोधकांनी २०११ साली १० निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसातलं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. प्रयोग लहान आहे हे खरं, पण त्यात तरुणांना जे एक आठवडा करायला लावलं ते विरार लोकलच्या प्रवाशांतले कितीतरी जण वर्षानुवर्षं करत आले आहेत. तिसरी गोष्ट पोट. टेस्टोस्टेरॉन रक्तात बहुतांशी प्रथिनांना चिकटून फिरतं. त्यातलं मुख्य प्रथिन एसएचबीजी. लठ्ठपणात एसएचबीजी कमी होतं, त्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो, पण पेशींना प्रत्यक्ष मिळणारं मोकळं टेस्टोस्टेरॉन पुरेसं असू शकतं. आपल्या या माणसाचं रक्त दोन रविवारी सकाळी पुन्हा तपासलं आणि आकडे ३४० व ३६० आले, तर शनिवारच्या कागदावर उभा राहिलेला रोग उरतच नाही. उरतो तो थकवा, आणि तो खरा असतो.

इथे कुणी म्हणेल, आकडा जाऊ द्या, लक्षणं तर होती ना! पण या लक्षणांचा दोष असा, की ती डझनभर कारणांनी येतात. युरोपातल्या ४० ते ७९ वयाच्या ३३६९ पुरुषांच्या अभ्यासात, २०१० साली, संशोधकांनी लक्षणांची चाळण लावली. टेस्टोस्टेरॉन कमी असण्याशी ज्यांचा एकत्रितपणे नीट संबंध लागला अशी तीनच लक्षणं निघाली, आणि तिन्ही लैंगिक: इच्छा कमी होणं, सकाळची ताठरता कमी होणं, संभोगाच्या वेळी ताठरता न येणं. ही तिन्ही लक्षणं आणि रक्तातली कमतरता दोन्ही असलेले पुरुष होते अवघे २.१ टक्के. थकवा, उदासी, एकाग्रता न होणं यांवरून कमतरता ओळखणं अवघडच होतं. आपल्याकडे तर हीच तक्रार आधीच्या पिढीने वेगळ्या नावाने मांडली होती. अशक्तपणा, उत्साह नाही, मन लागत नाही, आणि कारण काय तर ‘धातू जातो’. मनोविकारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या दुखण्याला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. त्यात वीर्य गेल्याने काही बिघडत नव्हतं, बिघडवत होती ती चिंता. तेव्हा लोकलच्या डब्यांत आणि रुळांलगतच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या वैद्यांच्या जाहिराती असायच्या, १९५४ च्या कायद्याने मनाई असूनही. आता त्या मोबाइलवर आल्या आहेत आणि वीर्याच्या जागी टेस्टोस्टेरॉन हा शब्द बसला आहे, एवढाच काय तो फरक.

थकव्याची कारणं मग शोधायची कुठे? झोपेत, घोरण्यात (झोपेत श्वास अडखळण्याचा विकार), हिमोग्लोबिनमध्ये, बी-१२ मध्ये, थायरॉईडमध्ये, नैराश्यात आणि सर्वांत आधी साखरेत. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि टाइप-२ मधुमेहाच्या पुरुषांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याचं टेस्टोस्टेरॉन कमी असतं, असं संशोधक परेश दांडोना आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं. ही कमतरता कागदावर खरी असते, पण ती बहुधा परिणाम असते. वजन उतरलं की तीही बऱ्याच अंशी सुधारते, आणि तेव्हा पंप स्वतःचाच चाललेला असतो.

आता दुसरी बाजू. काही पुरुषांमध्ये उत्पादनच बिघडलेलं असतं. दर सहाशे-सातशे मुलग्यांमागे एकाला जन्मतः एक जादा एक्स गुणसूत्र असतं. त्याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात आणि कित्येकांना ते मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच कळतं. पिट्युटरीत गाठ होणं, वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषण सुजणं, कॅन्सरची केमोथेरपी, थॅलॅसेमियात वारंवार रक्त चढवल्याने पिट्युटरीत लोह साचणं, अशी आणखी कारणं. या पुरुषांनी दुसऱ्या कुणाच्या पश्चात्तापाच्या गोष्टी ऐकून औषध टाकू नये. त्यांची हाडं ठिसूळ होतात, स्नायू झिजतात, आणि त्यांच्या वाट्याला येणारी खंत उपचार उशिरा केल्याची असते.

३. ‘पण मला फरक पडला’

पहिल्या साक्षीदाराकडे वळू. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि जाहीर केलं, की ताकद वाढली, काम करायचा दम वाढला, तारुण्य परत आलं. जगभर त्या अर्काची लाट आली. पुढे २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच कृतीने अर्क करून मोजला, तेव्हा त्यात टेस्टोस्टेरॉन इतकं नगण्य निघालं, की त्याचा परिणाम होणं शक्यच नव्हतं. वृषण हार्मोन साठवून ठेवत नाहीत, बनलं की रक्तात सोडतात. शरीरशास्त्रात हयात घालवलेल्या माणसालासुद्धा आपल्या आशेचा परिणाम औषधाच्या परिणामापासून वेगळा काढता आला नाही, तर इतरांनी तो काढता येतो असं धरून का चालावं?

खरं हार्मोन अर्थातच निष्क्रिय नाही, आणि ते काय करतं हे चांगल्या प्रयोगांतून कळलंही आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या, २७५ पेक्षा कमी टेस्टोस्टेरॉन असलेल्या ७९० पुरुषांपैकी निम्म्यांना वर्षभर खरं जेल आणि निम्म्यांना बिनऔषधाचं जेल दिलं. कुणाला कुठलं, हे त्यांना किंवा डॉक्टरांना माहीत नव्हतं. निकाल २०१६ मध्ये आला. लैंगिक इच्छा आणि क्रिया यांत खऱ्या जेलने मध्यम फायदा झाला, मनःस्थितीत किंचित. ज्या थकव्यासाठी बहुतेक लोक हे औषध मागतात, त्यात मात्र दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. सहा महिन्यांनी ‘आता तेवढं वाटत नाही’ असं म्हणणारा माणूस कृतघ्न नसतो. सुरुवातीच्या उत्साहातला आशेचा वाटा ओसरला, की औषधाचा असतो तेवढाच परिणाम हाती राहतो.

याच ठिकाणी एक शंका वेगळी काढायला हवी, कारण तिच्यावरचा उपाय औषध सोडणं हा नाही. दोन-तीन आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनात पहिल्या काही दिवसांत पातळी उंच चढते आणि पुढच्या डोसापर्यंत घसरत येते. माणूस आधी खुशीत, मग चिडचिडा, मग मरगळलेला, असं चक्र फिरत राहतं आणि त्याला वाटतं औषध मानवत नाही. पुष्कळदा डोस लहान करून अंतर कमी केलं, किंवा जेलवर आणलं, की हे थांबतं.

४. सोडल्यावरची मरगळ

दुसरा साक्षीदार अधिक फसवा, कारण त्याच्या मागे खरा रक्ताचा आकडा असतो. औषध बंद केलं, दीड-दोन महिन्यांनी माणूस गळून गेला, तपासलं तर टेस्टोस्टेरॉन १५०. ‘बघा, मला याची गरज होतीच,’ असं म्हणून तो पुन्हा सुरू करतो आणि पुढचा विचार कायमचा मिटवतो. पण हे १५० काय दाखवतं? टँकर बंद झाला आहे, आणि महिनोन् महिने बंद असलेला पंप अजून नीट चालू झालेला नाही. त्या कोरड्या दिवसांवरून बोअरला पाणीच नव्हतं असं ठरवता येत नाही. पंप किती दिवसांनी चालतो, याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या प्रयोगातून मिळतं. तिथे पुरुषांना दोन वर्षं टेस्टोस्टेरॉन अनडिकॅनोएटची लांब मुदतीची इंजेक्शनं दिली आणि नंतर त्यांचा मागोवा घेतला. शेवटच्या इंजेक्शनानंतर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मूळ पातळीवर यायला मधल्या माणसाला (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) सुमारे एक वर्ष लागलं. एक वर्ष! यातले काही महिने तर औषधाचा असर उतरण्यातच जातात. सहाव्या आठवड्याला निकाल देणारा माणूस खटल्याच्या पहिल्याच तारखेला उठून जात असतो. जिममध्ये जादा मात्रेत स्टेरॉईड घेणाऱ्या तरुणांची गत याहून बिकट; सोडून दोन वर्षं उलटली तरी त्यांच्यातल्या काहींचं टेस्टोस्टेरॉन कमीच राहतं. शेड्यूल एच मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेलं हे औषध प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून घेतलं जातं, तेव्हा आधीचा आकडाही कुणाकडे नसतो आणि नंतरचा वैद्यही.

५. मूल हवं असेल तर

सर्वांत खोल पश्चात्ताप इथला, आणि तो बहुतेक वेळा टाळता येण्यासारखा. ‘मर्दानगीचं हार्मोन’ घेतल्यावर मूल होण्याची शक्यता वाढेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. घडतं उलटं. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कित्येक पट जास्त लागतं. इंजेक्शनाने रक्तातली पातळी भरते, पण एलएच बंद झाल्याने वृषणाच्या आतली पातळी कोसळते आणि शुक्राणूंचं काम थांबतं. हे इतकं खात्रीने होतं, की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून वापरून पाहिलं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. त्यांतल्या १५७ जणांचे शुक्राणू शून्यावर आले. लग्न उशिरा, घराचे हप्ते फिटेपर्यंत मूल नको, आणि मधल्या काळात थकव्यावर इंजेक्शन, असा क्रम लागला तर दोन वर्षांनी वीर्यतपासणीचा कागद हातात घेऊन बसलेल्या जोडप्याला हे पहिल्यांदाच कळतं.

दिलासा आहे. अशा गर्भनिरोधक प्रयोगांची एकत्रित आकडेवारी २००६ मध्ये मांडली गेली. औषध बंद केल्यावर शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला २ कोटींवर पोचलेले पुरुष ६ महिन्यांत ६७ टक्के, वर्षात ९० टक्के आणि दोन वर्षांत जवळजवळ सगळे. ध्यानात ठेवायचं ते इतकंच, की हे पुरुष मुळात निरोगी होते. ज्याची संख्या आधीच कमी होती त्याला ही हमी लागू नाही, आणि पत्नीचं वय ३७ असेल तर दोन वर्षं ही लहान मुदत नव्हे. मूल हवं असणाऱ्याला टेस्टोस्टेरॉन देऊ नये, असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. त्याच्यासाठी एचसीजी किंवा क्लोमिफिनसारखे पर्याय तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरता येतात. ते टँकर आणत नाहीत, पंपालाच चालवतात. आणि ज्याला टेस्टोस्टेरॉन घेणं भागच आहे, त्याने आधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारावं.

६. हृदयाची भीती

सोडण्यामागे बऱ्याचदा हार्ट अटॅकची धास्ती असते, आणि ती पूर्वी वाटत होती तेवढी खरी ठरलेली नाही. हृदयविकार असलेल्या किंवा होण्याचा मोठा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांवरच्या ट्रॅव्हर्स चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत ७.० टक्के आणि न घेणाऱ्यांत ७.३ टक्के होतं. औषधाचे समर्थक हा निकाल पुढे करतात, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. मात्र त्याच चाचणीत हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात रक्ताची गुठळी जाणं आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणं औषध घेणाऱ्यांत जास्त आढळलं; अस्थिभंगही जास्त झाले, ज्याची कुणी अपेक्षा केली नव्हती. शिवाय त्या चाचणीत प्रवेशच दोन वेळा ३०० च्या खाली आकडा आणि लक्षणं असलेल्यांना होता. ४५० वाल्या तिशीतल्या तरुणाने त्यातून स्वतःसाठी अभय वाचू नये.

मधुमेहाचा मुद्दाही असाच अर्धा सांगितला जातो. वर उल्लेख केलेल्या ऑस्ट्रेलियाच्या प्रयोगात वजन कमी करण्याच्या कार्यक्रमाबरोबर टेस्टोस्टेरॉन दिलेल्यांत दोन वर्षांनी १२ टक्क्यांना मधुमेह होता, नुसत्या कार्यक्रमातल्यांत २१ टक्क्यांना. हा फायदा दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण तिथेच औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या रक्तातलं पेशींचं प्रमाण (हिमॅटोक्रिट) ५४ टक्क्यांच्या धोक्याच्या रेषेला पोचलं, म्हणजे रक्त दाट झालं. आणि ट्रॅव्हर्समधल्या मधुमेहपूर्व अवस्थेतल्या पुरुषांना असा बचाव मिळाला नाही. औषध चालू ठेवणाऱ्याने हिमॅटोक्रिट आणि प्रोस्टेटसाठी पीएसए ठरलेल्या वेळी तपासणं एवढ्यासाठीच.

७. बंद करायचं ठरलं तर

आधी जुने कागद काढावेत: औषधापूर्वीचे आकडे किती वाजताचे, किती वेळा घेतलेले, एलएच मोजलं होतं का. एलएच न मोजताच औषध सुरू झालं असेल, तर निदान अर्धवट राहिलं होतं एवढं तरी नक्की कळतं. ते कागद घेऊन हार्मोनतज्ज्ञाकडे, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जावं. खासगी फी झेपत नसेल तर परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि तो वसईहून येणाऱ्याच्या वाटेवरच पडतो. पिट्युटरीचा आजार किंवा क्लाइनफेल्टर असेल तर बंद करण्याचा प्रश्नच येत नाही. तसं काही नसेल तर बंद करून पाहण्यात गैर काही नाही, फक्त ते मनाशी ठरवून गुपचूप करू नये. पुढचे काही महिने इच्छा कमी राहील, चिडचिड होईल, मन खाली जाईल, हे पत्नीला आधी सांगितलेलं बरं. नाहीतर तीही त्याचा वेगळाच अर्थ लावते. आधी कधी नैराश्य आलं असेल तर मनोविकारतज्ज्ञालाही कळवून ठेवावं. याच काळात झोप सात तासांवर नेणं आणि पोट उतरवणं याला अर्थ असतो, कारण पंप चालू होताना त्याच्यावरचा भार कमी हवा.

तपासण्या मात्र घाईने करू नयेत. लांब मुदतीच्या इंजेक्शनाचा असर उतरायलाच तीन-चार महिने जातात. त्यानंतर काही महिन्यांच्या अंतराने सकाळी टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि एफएसएच एकत्र पाहावं. एलएच हळूहळू वर येतं आहे आणि मागोमाग टेस्टोस्टेरॉनही, असं दिसलं तर वाट पाहायची. वर्ष-दीड वर्ष होऊनही टेस्टोस्टेरॉन खालीच आणि एलएच चढलेलं, तर दोष वृषणांत आहे. दोन्ही खालीच राहिले, तर पिट्युटरीचा एमआरआय आणि तिच्यातून येणाऱ्या प्रोलॅक्टिन या हार्मोनची तपासणी लागते. या दोन्ही परिस्थितींत औषध पुन्हा सुरू करण्याला आधार मिळतो, आणि तो रुग्णाच्या फाइलमध्ये कारणासकट लिहिलेला असतो.